उन्हात उतरलेला पिवळा

म्हापशात एका सोनार शेटच्या काउंटरवर दोन अंगठ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही सोन्याच्या, दोन्ही खालून उघड्या, कारण खडा कातडीला टेकायला हवा. दोन्हीत सव्वापाच रत्तीचा पुष्कराज. काजूचा हंगाम संपता संपता हातात आलेल्या पैशांतून, एकाच दिवशी, एकाच पुडीतून घेतलेले खडे. एक आईसाठी, एक मुलासाठी. या दुकानातले नव्हेत, दुसरीकडून घेतलेले. आईचा खडा अजून पिकल्या लिंबासारखा पिवळा होता. मुलाच्या अंगठीत जणू नुसतं पाणी होतं. तिरकं धरलं तर शहाळ्याच्या पाण्याला असते तेवढी पिवळसर झाक दिसायची, सरळ धरलं तर तीही नाही. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधताना मुलानं सुपारीचा घड वर धरला, आईनं खालून दोरी ओढली आणि दोन हात एका उजेडात आले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. मुलाला तोवर पत्ता नव्हता. तो फेरीबोटीवर कामाला आहे.

"शेट, पोरावर काहीतरी मोठं येणार होतं," ती म्हणाली. "रत्नानं स्वतःवर घेतलं. माझ्यावर काही नव्हतं, म्हणून माझं तसंच राहिलं." शेटनी मुलाची अंगठी भिंगाखाली फिरवली, पांढऱ्या कागदावर उलटी ठेवून पाहिली, आणि काहीच बोलले नाहीत.

ते न बोलणं मनाला लागून राहिलं.

कारण त्या काउंटरवर जे मांडलेलं होतं ते एखाद्या प्रयोगशाळेनं मुद्दाम मांडावं तितकं नेटकं होतं. एका पुडीतले दोन खडे. एक सागवानी डब्यात, मासळी साफ करताना रत्न बोटात नको म्हणून फक्त गुरुवारी बाहेर काढलेला. दुसरा दिवसभर बोटीच्या कठड्यावर, उघड्या आभाळाखाली. घरातल्या खोलीत उजेड असतो फार तर दोनतीनशे लक्स; लक्स हे उजेड मोजायचं माप. पावसाळी ढगांखाली बाहेर उभं राहिलं तरी तो दहा हजारांच्या घरात जातो आणि लख्ख दुपारी लाखावर. आषाढ-श्रावणाचं मळभ आपल्या डोळ्यांना अंधार वाटतं, खड्याला वाटत नाही. मुलाच्या खड्यानं चार महिन्यांत जेवढा प्रकाश प्यायला तेवढा आईच्या खड्याला शंभर वर्षांतही मिळाला नसता. आई म्हणाली ते अर्धं अगदी खरं होतं: मुलाच्या खड्यानं काहीतरी अंगावर घेतलं होतं.

पुष्कराज या शब्दापासूनच घोळ सुरू होतो. जुने कोश पुष्कराजाला टोपाझ म्हणतात, बाजार मात्र पिवळ्या नीलमाला, म्हणजे कुरुंदाला. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, त्याच खनिजाचा हा पिवळा भाऊ. कुरुंदाची कठिणता ९, टोपाझची ८, आणि सुनेला म्हणून जो पिवळा स्फटिक विकतात त्याची ७. घनताही वेगळी: कुरुंद ४, टोपाझ साडेतीन, सुनेला जेमतेम २.६५. म्हणून एकाच आकाराचे तीन खडे तळहातावर घेतले तर जाणत्याला वजनावरूनच फरक कळतो. शेटनाही कळलं असणार की खडा कुरुंदच आहे. फसवणूक काचेची किंवा सुनेल्याची नव्हती. खडा अस्सल, जमिनीतून निघालेला, बहुधा श्रीलंकेच्या गाळातला. पिवळा तेवढा नंतर आलेला.

कुरुंदात पिवळा रंग येण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत आणि सगळा प्रश्न त्या वाटांचा आहे. लोहामुळे आलेला पिवळा पक्का असतो, उन्हात वाळत घातला तरी ढळत नाही. फिकट खडा भट्टीत, भरपूर ऑक्सिजनमध्ये, दीड हजार अंशांच्या वर तापवून आणलेला पिवळाही पक्का. २००१च्या सुमारास बेरिलियम घालून तापवलेले खडे बाजारात आले; त्यांचा रंग बाहेरून आत मुरवलेला, म्हणून किंमत फार कमी असायला हवी, पण रंग म्हणाल तर तोही टिकतो. राहिली शेवटची वाट, सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत स्वस्त. जवळजवळ बिनरंगी खडा घ्यायचा आणि त्याच्यावर कोबाल्ट-६०चे गॅमा किरण सोडायचे. क्ष-किरणांनीही काम होतं. भट्टी नाही, रसायन नाही, खड्याला तडा जायची भीती नाही. बिनरंगी आत जातो आणि सोनेरी होऊन बाहेर येतो.

गॅमा किरण म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून हेच किरण देतात, साधारण ६० ते ९० ग्रे एवढे; ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला ४०० ग्रे लागतात. रत्नांना यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा देतात, टोपाझसारख्याला लाखो ग्रे. पण कोबाल्टच्या किरणांमध्ये अणूचा गाभा हलवण्याइतकी ताकद नसते, म्हणून आंबाही किरणोत्सारी होत नाही आणि खडाही नाही. किरण फक्त इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जागेवरून उठवतात. उठलेला इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या उणिवेपाशी, एखाद्या परक्या अणूच्या कुशीत जाऊन अडकतो. त्याची जुनी जागा रिकामी राहते. ही अडकलेली जोडी येणाऱ्या उजेडातला निळा-जांभळा भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे पाठवते. तो आपल्याला पिवळा दिसतो. याला रंगकेंद्र म्हणतात.

आता इलेक्ट्रॉन जिथे अडकला तो खळगा किती खोल आहे, यावर सगळं अवलंबून. खोल असेल तर इलेक्ट्रॉन तिथे युगानुयुगं बसून राहतो. उथळ असेल तर उजेडाचा एक कण त्याला बाहेर काढायला पुरतो, तो आपल्या मूळ जागी परततो आणि त्याच्यापुरता रंग मिटतो. किरणांनी पिवळा केलेल्या कुरुंदात खळगा उथळ असतो. खडा ज्या उजेडामुळे सुंदर दिसतो तोच उजेड त्याला कणाकणानं पुसत असतो. थेट उन्हात काही तासांपासून काही दिवसांत काम आटोपतं. म्हणजे फेरीबोटीवरच्या त्या अंगठीचा रंग बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच गेला. बाकीचे महिने तो मुलगा पांढराच खडा घालून फिरत होता.

हे दुकानात कळत का नाही? कळत नाही, हेच खरं दुखणं आहे. असा खडा भिंगाखाली स्वच्छ दिसतो. वक्रीभवनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, कुरुंदाचा, घनता कुरुंदाची, आतल्या रेशमासारख्या सुया शाबूत, कारण भट्टीच पाहिलेली नाही. उलट 'न तापवलेला' हा शेरा मिळायलाही तो लायक ठरतो, आणि तो शेरा किंमत वाढवतो. प्रमाणपत्रावर 'नैसर्गिक कुरुंद' लिहिलेलं असतं आणि त्यातला एकही शब्द खोटा नसतो. रंग कच्चा आहे की पक्का हे सांगणारी भरवशाची कसोटी एकच: खडा उजेडात ठेवायचा आणि वाट बघायची.

ती कसोटी कुणालाही करता येते, म्हणून सविस्तर सांगतो. खडा कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायचा, कारण बोटाचं तेल रंगावर पडदा धरतं. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीत, थेट ऊन नसलेल्या जागी, कोऱ्या पांढऱ्या कागदावर उलटा ठेवायचा आणि फोटो काढायचा. शेजारी कायम तीच एक रंगीत वस्तू ठेवायची, काडेपेटी चालेल. नाहीतर फोनचा कॅमेरा स्वतःच रंग सावरून घेतो आणि दोन फोटोंची तुलना फसते. एका पुडीतले दोन खडे असतील तर उत्तमच, एक डबीत बंद ठेवायचा. मग खडा उघड्या उन्हात, काचेआड नव्हे. काच अतिनील किरण अडवते आणि निकाल लांबतो. पहिल्या दिवसानंतर बघायचं, तिसऱ्या दिवसानंतर बघायचं, आठवडाभर ठेवता आला तर अधिक चांगलं. पावसाळ्यात ऊन नसेल तर प्रखर दिवाही चालतो, पण दिवा खड्याला टेकवायचा नाही. उष्णतेनं रंग गेला की उजेडानं, हे मग सांगता येत नाही. आणि रोज उठून खड्याकडे बघत बसायचं नाही. डोळा हळूहळू उतरणाऱ्या रंगाला सरावतो. त्या मुलाला चार महिने काही दिसलं नाही ते याचमुळे; शेजारी दुसरा खडा येईपर्यंत त्याच्या डोळ्यांना मोजायला काही नव्हतं.

खडा विकत घेण्याआधी हे व्हायला हवं. विकणाऱ्यानं तीन दिवस देण्यात कमीपणा नाही, आणि घेणाऱ्यानं ते मागण्यात तर मुळीच नाही. सव्वापाच रत्ती, म्हणजे रत्नबाजाराच्या १८२ मिलिग्रॅमच्या रत्तीनं पावणेपाच कॅरटच्या आसपास. एका घराच्या काजूच्या हंगामातला मोठा भाग त्यात जातो.

ही गोष्ट एकट्या पुष्कराजाची नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात माशिशे नावाच्या खाणीत १९१७ साली एक बेरिल, म्हणजे पन्ना आणि निळसर ॲक्वामरिन ज्या खनिजाचे त्याचा खडा, निघालं, इतकं गर्द निळं की ॲक्वामरिन त्याच्यापुढे धुतल्यासारखं वाटावं. उजेडात ठेवलं आणि ते फिकं पडत गेलं. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तसंच गर्द निळं बेरिल बाजारात पुन्हा दिसू लागलं, या वेळी किरणांनी केलेलं, आणि तेही लोकांच्या बोटांत विरलं. त्याची एक खूण मात्र आहे. ॲक्वामरिनचा निळा स्फटिकाच्या लांबीच्या बाजूनं पाहिलं तर गडद असतो. माशिशे जातीचा निळा स्फटिकाच्या अक्षातून, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर गडद. द्विवर्णदर्शक नावाची बोटभर लांबीची नळी असते, तिच्यातून दोन्ही निळे शेजारी दिसतात आणि फरक ध्यानात येतो. बेरिलला निदान अशी चुगली करणारी खूण आहे. पुष्कराजाला तीही नाही.

याच्या अगदी उलट निळ्या टोपाझचं. हडफड्याच्या रात्रबाजारात चांदीच्या अंगठ्यांचे जे ट्रे मांडलेले असतात, त्यातला निळा बहुतेक हाच. निसर्गात टोपाझ निळा सापडतो, पण फिकट आणि क्वचित. बाजारातला गडद निळा जवळजवळ सगळाच मूळचा बिनरंगी. हलका आभाळी निळा आणि त्याहून भडक निळा त्वरकातल्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं येतो. तेव्हा खडे वाहत्या पाण्यानं थंड ठेवावे लागतात, नाहीतर आतल्या आत तापून फुटतात. गडद, शाईत जरा राखाडी मिसळावी तसा निळा अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी येतो. मारा झाल्यावर कित्येकदा खडा निळा नसतोच, तपकिरी किंवा शेवाळी असतो. तो २०० अंशांच्या आसपास काही तास तापवला की तपकिरी जातो आणि खालचा निळा उरतो. उथळ खळगे रिकामे झाले, खोल राहिले. म्हणून हा निळा उन्हाला घाबरत नाही. कळंगुटच्या वाळूत रोज घातला तरी चालेल.

न्यूट्रॉन मात्र गॅमासारखे निरुपद्रवी नाहीत. ते गाभ्यात शिरतात. टोपाझ स्वतः फारसा त्रास देत नाही, पण त्यात अंशमात्र टँटलम किंवा स्कँडियम असेल तर ते किरणोत्सारी होतं. स्कँडियम-४६चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, ८४ दिवस, टँटलम-१८२चं ११४. दहा अर्धायुष्यं उलटली की हजारातला एक भाग उरतो. टँटलमच्या हिशेबानं तीन वर्षांहून जास्त. म्हणून असे खडे कुलपाआड महिनोन् महिने, कधी वर्षंही ठेवतात, मोजतात, मर्यादेखाली आले की मगच सोडतात. अमेरिकेत तर असा माल पहिल्यांदा बाजारात आणायला तिथल्या अणुनियामक आयोगाचा परवाना लागतो. या गोष्टीचा धडा फार जुना आहे. विल्यम क्रुक्स यांनी १९०४च्या सुमारास हिरे रेडियमच्या क्षारात पुरून ठेवले. हिरे हिरवे झाले, पण किरणोत्सारीही झाले, आणि ते अजून तसेच आहेत. टोपाझचा व्यवहार त्यामानानं सरळ झाला आहे. निळा म्हणजे किरणांचा, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत, भाव त्याप्रमाणे, आणि रंग जायचा नाही. मला यात काही गैर वाटत नाही.

फक्त तो सोनाराच्या आगीपासून जपावा लागतो. अंगठी सैल झाली, खड्याची पकड झिजली म्हणून जागेवरच झाळून दिली, की सोन्याच्या झाळीची उष्णता ६००-७०० अंशांवर जाते. २०० अंशांना न हललेला निळा तिथे टिकत नाही, खडा पांढरा होऊन हातात येतो. शिवाय टोपाझच्या रचनेत एक आडवी कच्ची पातळी असते, तिच्यावर तो चिरतो. ॲमेथिस्ट असेल तर जांभळा जाऊन पिवळा होतो, कारण चार-पाचशे अंशांना त्यातल्या लोहाची मांडणी बदलते. गिऱ्हाईक म्हणतं खडा बदलला, सोनार शपथेवर सांगतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. खडा काढूनच झाळावं. दहा मिनिटं जास्त लागतात.

मोत्याचं निराळं, आणि नथीमुळे ते आपल्याला जवळचं. राखाडी-काळसर मोती पुष्कळदा गॅमा किरणांचे असतात. समुद्रातल्या संवर्धित मोत्यात जे मणीरूप बीज घालतात ते गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं असतं. त्यात मँगनीज असतं, किरणांनी काळवंडतं ते बीज. वरचा मोत्याचा थर गोराच राहतो आणि खालचा काळा त्याच्यातून दिसतो. भोकात उजेड पाडून बघितलं तर वर पांढरी साल, आत काळी गोळी. हा रंग टिकाऊ. जुने सोनार कोंदणात खड्याखाली रंगीत वर्ख घालायचे, त्याची आठवण होते. रंग खालचा, चमक वरची. फरक इतकाच की वर्ख आहे हे तेव्हा घेणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

निसर्गाच्या बाजूनं बोलायचं तर त्याचेही हात निर्मळ नाहीत. धुरकट स्फटिक आणि ॲमेथिस्ट हे किरणांचेच रंग आहेत. खडकातलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम लाखो-करोडो वर्षं हळूहळू तेच करत बसलं, जे कोबाल्ट काही तासांत करतो. अमेरिकेतल्या युटामध्ये टोपाझ निघतो मद्यासारखा तपकिरी आणि उन्हात ठेवला की पांढरा होतो. त्याला कुणी हात लावलेला नाही. कुंझाइट नावाच्या खड्याचा गुलाबीही उन्हात उतरतो, म्हणून त्याला संध्याकाळी घालायचं रत्न म्हणतात. मादागास्करच्या काही पदपराजा, म्हणजे गुलाबी-नारिंगी, जातीच्या नीलमांचा नारिंगी तर जमिनीतून काढल्यावर उजेडात उतरला आणि गुलाबी उरला. त्या खड्यांसाठी प्रयोगशाळा आता आधी अतिनील दिव्याखाली रंग पूर्ण चढवतात, मग प्रखर उजेडात उतरवतात, आणि जो उरतो तोच त्या खड्याचा रंग म्हणून लिहितात. हे मला फार प्रामाणिक वाटतं. किरण मारले की नाही हा वाद मिटत नसेल तर मिटू नये, पण उन्हात उभा राहून जो उरेल तो रंग, एवढं तरी लिहून द्यावं. पुष्कराजावर कुणी असं लिहून दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेट अखेर बोलले. बऱ्याच वेळानं, अंगठी पुसून झाल्यावर. म्हणाले, "बाय, हा उन्हाचा प्रकार आहे. खडा खरा आहे, रंग कच्चा होता." तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "परत चढवता येतो?" येतो. तेच किरण पुन्हा दिले की तोच पिवळा पुन्हा येतो, कारण खळगे तिथेच आहेत, फक्त रिकामे झालेत. आणि बोटीवर पुन्हा पंधरा दिवसांत उतरतो. शेटनी तेही सांगितलं. भट्टीत तापवून घ्यायचं तर कुठला रंग येईल याची हमी नाही, तडा गेला तर भरपाई नाही. मग त्यांनी आईच्या अंगठीकडे बोट केलं. "ही तीन दिवस अंगणात उन्हात ठेवून बघा. हिचा रंग गेला नाही तर मी चुकलो. गेला तर दोन्ही घेऊन जा त्या माणसाकडे, फोटो काढून."

तिनं अंगठी पटकन उचलली. "हिचा रंग गेला, तर मग ते कुणावरचं संकट?"

शेटकडे याला उत्तर नव्हतं, कुणाकडेच नसतं. आपल्याला खळगे ठाऊक, इलेक्ट्रॉन ठाऊक, लक्सचे आकडे ठाऊक, आणि तिला एवढंच ठाऊक की मुलगा चार महिने भर पावसात खवळलेल्या नदीवर होता आणि रोज संध्याकाळी घरी आला. तिला सत्य सांगायलाच हवं होतं, याबद्दल मला शंका नाही. शेट आधी गप्प राहिले ते मला पटलेलं नाही. पण ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते खड्यातल्या पिवळ्याहून मोठं होतं, हेही दिसलं. मुलाची अंगठी तिनं कागदात बांधून पिशवीत टाकली. स्वतःची बोटात घातली, गुरुवार होता. दुपारचा एक वाजलेला, बाहेर ऑक्टोबरचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलेलं. पायरीवर ती थांबली, उजव्या हाताची मूठ वळली, त्याच्यावर पदर घट्ट गुंडाळला आणि कदंबाच्या बस स्टँडकडे चालू लागली.